वचन जुने, तळटिपा नव्या: स्कोफील्ड बायबलची पार्श्वभूमी

विश्वकोशात स्कोफील्ड रेफरन्स बायबल, म्हणजे स्कोफील्ड नावाच्या अमेरिकन पाळकाने तळटिपा लिहिलेले इंग्रजी बायबल, यावरची नोंद दुरुस्त करायला कोणी बसला, तर त्याने आधी एकच विचारावे: बोलणे कोणत्या आवृत्तीबद्दल चालले आहे? १९०९ची, १९१७ची की १९६७ची? स्कोफील्ड नेमके काय म्हणाले यावरून जी हमरीतुमरी होते, तिच्यातली निम्मी तरी इथेच मिटेल. उरलेल्या निम्मीसाठी बरेच मागे जावे लागते.

शास्त्रवचनाच्या शेजारी माणसाने लिहिलेला अर्थ छापावा की नाही, हे भांडण इंग्रजी बायबलइतकेच जुने आहे. राणी मेरीच्या राजवटीत इंग्लंडातून परागंदा झालेल्या प्रोटेस्टंट मंडळींनी १५६० मध्ये जिनिव्हात एक बायबल छापले. त्यात वचनांना क्रमांक होते, नकाशे होते, चित्रे होती आणि समास टिपांनी भरलेले होते. पुढे इंग्लंडचा राजा झालेल्या जेम्सला त्या टिपा खुपल्या. बायबलच्या निर्गम या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात इब्री सुइणी मिसरचा राजा फारो याची आज्ञा मोडून मुलगे जिवंत ठेवतात. टीप म्हणते, त्यांची अवज्ञा योग्यच होती, खोटे बोलणे तेवढे वाईट. यहूदाच्या आसा राजाने आपल्या आईला राणीपदावरून काढले, तिथे टीप म्हणते, हे पुरेसे नव्हे, तिला ठार करायला हवे होते. जेम्सची आई मेरी स्टुअर्ट हिचा शिरच्छेद झालेला. त्याला हे वाचून काय वाटले असेल ते वेगळे सांगायला नको. १६०४च्या हॅम्प्टन कोर्ट परिषदेत त्याने या टिपांना राजद्रोही ठरवले आणि नव्या भाषांतराच्या पंडितांना नियम घालून दिला: हिब्रू-ग्रीक शब्दांच्या खुलाशापुरते लिहा, बाकी समास कोरा. १६११चे किंग जेम्स बायबल त्या नियमाने निघाले.

पुढे १८०४ मध्ये लंडनला स्थापन झालेल्या ब्रिटिश अँड फॉरिन बायबल सोसायटीने तोच धडा वेगळ्या कारणाने गिरवला. पंथ अनेक, पैसा सगळ्यांचा. तेव्हा टीप नाही, भाष्य नाही, नुसता मूळ पाठ. आपल्याकडे सोसायटीचे पवित्र शास्त्र वाचून मोठा झालेला माणूस तळाशी टिपांचा गठ्ठा पाहून बिचकतो, त्याची मुळे इथे आहेत. खरे तर टीकेसह ग्रंथ वाचायची आपली सवय जुनी आहे. पण शांकरभाष्य म्हटले की बोलतो कोण, हे वाचकाला आधीच ठाऊक असते.

सायरस इंगरसन स्कोफील्ड १८४३ साली मिशिगनमध्ये जन्मले. अमेरिकन यादवी युद्धात दक्षिणेकडून लढले, कॅन्ससमध्ये वकिली केली, १८७९च्या सुमारास सेंट लुईसला त्यांचे हृदयपरिवर्तन झाले आणि पुढे ते डॅलसला पाळक झाले. त्यांचे बायबल १९०९ मध्ये न्यूयॉर्कहून ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने काढले. पाठ किंग जेम्सचाच. मधल्या रकान्यात संदर्भांच्या साखळ्या, मजकुरात जागोजागी मथळे, पानाच्या तळाशी टिपा. आयरिश प्रचारक जॉन नेल्सन डार्बी यांच्या परंपरेतली विचारसरणी त्या टिपांमधून मांडलेली होती: देवाचा माणसाशी व्यवहार सात कालखंडांत चालतो, आणि इस्राएलाला दिलेली वचने ख्रिस्ती मंडळीकडे (चर्चकडे) वळलेली नाहीत, ती इस्राएलाचीच आहेत.

स्कोफील्ड यांनीच सुधारलेल्या १९१७च्या आवृत्तीतले उत्पत्तीचे, म्हणजे बायबलच्या पहिल्या पुस्तकाचे, पहिले पान बघण्यासारखे आहे. समासात आर्चबिशप अशर यांच्या गणिताने आलेले सृष्टीच्या निर्मितीचे इसवी सनापूर्वीचे ४००४ हे वर्ष, आणि तळाच्या टिपांत असे की पहिल्या दोन वचनांच्या मधे भूगर्भशास्त्राला हवी तेवढी युगे मावतात. एकाच पानावर दोन्ही! शेतकऱ्याच्या घरी, गावच्या देवळात, संडे स्कूलमध्ये हेच पान उघडले जाई. वचन कुठे संपते आणि स्कोफील्ड कुठे सुरू होतात, याकडे सगळ्यांचे लक्ष असेच असे नाही. टिपांचे वजन वाढले ते त्यामुळेच, असे मला वाटते.

नोंद लिहिणाऱ्याची खरी पंचाईत चरित्रापाशी होते. १९२०चे चरित्र स्कोफील्ड हयात असताना त्यांचे चाहते चार्ल्स ट्रंबुल यांनी लिहिलेले, सूर आरतीचा. १९८८चे जोसेफ कॅनफिल्ड यांचे, सूर फिर्यादी वकिलाचा. पहिल्या पत्नीला आणि दोन मुलींना त्यांनी सोडले, १८८३ मध्ये घटस्फोट झाला, पुढच्याच वर्षी त्यांनी दुसरे लग्न केले. ही माहिती नोंदीत हवीच. पण न्यूयॉर्कच्या एका क्लबाचे सभासदत्व एवढ्या धाग्यावरून ‘एका यहुदी वकिलाने पैसे पुरवून हे बायबल लिहून घेतले’ असे जे पसरवले जाते, त्याला कागदाचा पुरावा नाही. ज्यांनी मदत केली ते इव्हँजेलिकल व्यापारी होते, शिकागोचे जॉन पिरी त्यांतले एक. तटस्थपणा म्हणजे दोन्ही बाजूंना सारखी जागा, असे समजणारा संपादक इथे फसतो. तर्काला तर्क म्हणायचे आणि तो कोणाचा ते सांगायचे, एवढेच त्याचे काम.

आता १९६७. स्कोफील्ड वारले १९२१ मध्ये. त्यानंतर सेहेचाळीस वर्षांनी एका समितीने ‘न्यू स्कोफील्ड’ काढले. उत्पत्ति १२:३ मध्ये देव अब्राहामाला म्हणतो, तुला आशीर्वाद देतील त्यांना मी आशीर्वाद देईन; त्यावरच्या मूळ टिपेत स्कोफील्ड म्हणाले होते की यहुद्यांचा छळ करणाऱ्यांचे नेहमी वाईटच झाले आहे. समितीने त्यात भर घातली: यहुदीद्वेषाचे पाप करणाऱ्या राष्ट्रावर न्यायदंड अटळ आहे. मधल्या काळात इस्राएल राष्ट्र स्थापन झाले होते, हे विसरून चालणार नाही. २०२५च्या जूनमध्ये अमेरिकन सिनेटर टेड क्रूझ यांनी मुलाखतकार टकर कार्लसन यांना दिलेल्या मुलाखतीत इस्राएलाला आशीर्वाद देण्याच्या याच वचनाचा दाखला दिला. असे काही झाले की स्कोफील्डचे नाव निघते, आणि समितीचे वाक्य त्यांच्या तोंडी घातले जाते. १९१७ची आवृत्ती प्रताधिकारमुक्त, ती कोणीही उघडून पाहावी. १९६७ची तशी नाही, म्हणून तिच्यातली वाक्ये मुखपृष्ठ न पाहता हातोहात फिरतात.

नंतरच्या स्टडी बायबलांची, म्हणजे अभ्यासासाठी टिपा जोडलेल्या बायबलांची, गत फारशी निराळी नाही. एनआयव्ही आणि ईएसव्ही या नव्या इंग्रजी भाषांतरांवरची दोन घ्या: १९८५चे एनआयव्ही स्टडी बायबल, २००८चे ईएसव्ही स्टडी बायबल; या दुसऱ्यात २७५२ पाने आणि वीस हजारांवर टिपा. हे आकडे प्रकाशकाच्या जाहिरातीतून नोंदीत येतात. पाने मोजता येतात, त्यामुळे ती चालतील. ‘सर्वांत सखोल’ हे विशेषण मात्र, ते कोण म्हणतो हे लिहिल्याशिवाय ठेवू नये.