पूर्वनियोजन (ख्रिस्ती धर्ममत)

कोणाचे तारण (पापातून आणि त्याच्या शिक्षेतून सुटका) होणार हे ईश्वराने जगाच्या उत्पत्तीपूर्वीच, केवळ आपल्या इच्छेने, ठरवून ठेवले आहे असे सांगणारे ख्रिस्ती धर्ममत. ‘निवड’ आणि ‘पूर्वनियोजन’ हे शब्द बहुधा एकमेकांच्या जागी वापरले जातात. काटेकोर बोलायचे तर निवड होते माणसांची, आणि पूर्वनियोजन असते त्यांना जिथे पोहोचवायचे त्या मुक्कामाचे. मराठी बायबलात यासाठी ‘नेमणे’ हे साधे क्रियापद येते.

मराठी वाचकाला इथे सटवाई आठवणे साहजिक आहे, पण तुलना फार पुढे जात नाही. पाचवीच्या रात्री सटवाई कपाळावर जे लिहिते त्यात लग्न, लेकरे, पैसा, मरणाची घडी असे सगळेच येते. या मताचा रोख मात्र एकाच प्रश्नावर आहे: पापात सापडलेला माणूस तरतो तो कोणामुळे? आणि त्याच्या पोटातला प्रश्न असा की, माणूस विश्वास ठेवतो म्हणून देव त्याला निवडतो, की देवाने निवडले म्हणून तो विश्वास ठेवू शकतो? दीड हजार वर्षांचा वाद या ‘आधी काय’भोवती फिरत आला आहे.

मुळात ही कल्पना एका लोकसमूहाची आहे. बायबलच्या पहिल्या भागात, जुन्या करारात, देव इस्राएलला निवडतो, आणि अनुवाद या ग्रंथाच्या सातव्या अध्यायात त्याचे कारणही सांगतो: तुम्ही संख्येने मोठे होता म्हणून नव्हे, उलट सर्वांत थोडे होता, माझे तुमच्यावर प्रेम होते म्हणून. येशूचा प्रेषित पौल याने हाच धागा पुढे नेला. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या नवव्या अध्यायात तो रिबकेच्या जुळ्यांचा दाखला देतो. याकोब आणि एसाव जन्मलेही नव्हते, त्यांनी बरेवाईट काही केलेही नव्हते, तेव्हाच धाकट्याची निवड झाली होती. हा अन्याय नाही का, असे विचारणाऱ्याला तो कुंभार आणि मातीची उपमा देऊन गप्प करतो. मात्र पौल तिथे थांबत नाही. अकराव्या अध्यायात तो सगळ्या इस्राएलच्या तारणाची आशा धरतो, आणि देवाचे मार्ग अगम्य आहेत अशा स्तुतीने विवेचन संपवतो. म्हणूनच हे अध्याय व्यक्तींच्या नव्हे, समाजांच्या भवितव्याबद्दल आहेत असे आजचे अनेक अभ्यासक म्हणतात. विरोधकांच्या हाती तर कायम तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातले वचन राहिले आहे: सर्व माणसांचे तारण व्हावे अशी देवाची इच्छा आहे.

विखुरलेल्या वचनांचे मत बनवले ते उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप ऑगस्टीन (354–430) याने. रोममध्ये राहणारा ब्रिटिश तपस्वी पेलॅजियस सांगत होता की देवाने आज्ञा दिल्या त्याअर्थी त्या पाळण्याचे बळ माणसात असलेच पाहिजे. ऑगस्टीनला स्वतःच्या आयुष्याचा अनुभव नेमका उलटा होता. सुटायचे ठरवूनही तो वर्षानुवर्षे वासनेतून सुटला नव्हता, आणि सुटला तेव्हा ते आपले कर्तृत्व नाही याची त्याला खात्री होती. त्याच्या मते आदामाच्या पतनानंतर सगळी मानवजात शिक्षेला पात्र ठरलेला एक गोळा आहे. त्यातून काहींना उचलणे ही दया, आणि बाकीच्यांना तसेच राहू देणे हा न्याय. पेलॅजियसच्या शिकवणीचा 418 मध्ये कार्थेजच्या धर्मपरिषदेने निषेध केला. 529 मध्ये ऑरेंजच्या परिषदेने विश्वासाची सुरुवातसुद्धा देवाच्या कृपेनेच होते हे मान्य केले; देव कोणाला वाइटासाठी नेमतो ही कल्पना मात्र धिक्कारली.

उरलेली ही दुसरी बाजू नवव्या शतकात गॉटशाल्क नावाच्या सॅक्सन संन्याशाने उघड मांडली: निवडलेले जीवनासाठी नेमलेले, उरलेले शिक्षेसाठी. 849 मध्ये किएर्झीच्या सभेने त्याला फटके मारवले, स्वतःचे लेखन आगीत टाकायला लावले आणि मठात डांबले. शेवटपर्यंत त्याने माघार घेतली नाही.

प्रॉटेस्टंट पंथांना जन्म देणाऱ्या सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेच्या काळात हा प्रश्न पुन्हा वर आला. डच विद्वान इरॅस्मसला उत्तर देताना जर्मन धर्मसुधारक ल्यूथरने 1525 मध्ये मानवी इच्छा स्वतंत्र नसून बद्ध आहे असे ठासून सांगितले. तरी हे मत लोकांच्या मनात चिकटले आहे ते जिनीव्हाच्या जॉन कॅल्व्हिनला (1509–1564), आणि ते काहीसे अन्यायाचे आहे. त्याच्या मुख्य ग्रंथाच्या 1559 च्या अखेरच्या आवृत्तीत हा विषय अगदी आरंभी, देवाच्या स्वरूपाखाली येत नाही. तिसऱ्या खंडात, प्रार्थनेच्या प्रकरणानंतर येतो. म्हणजे कृपा मिळालेल्याने मागे वळून पाहिले की जे दिसते ते. मात्र तो मऊ बोलत नाही. काहींना अनंत जीवनासाठी, तर काहींना अनंत नाशासाठी नेमले आहे, असे तो स्पष्ट लिहितो आणि हा ठराव थरकाप उडवणारा आहे हेही कबूल करतो. 1551 मध्ये जेरोम बोल्सेक या वैद्याने जिनीव्हात भर सभेत याला विरोध केला, तेव्हा त्याला अटक होऊन शहराबाहेर काढण्यात आले. त्याआधी इतर स्विस मंडळ्यांचे मत मागवले होते. उत्तरे कॅल्व्हिनला हवी तितकी ठाम आली नाहीत.

खरा भडका उडाला तो नेदरलंड्समध्ये. लायडन विद्यापीठातला प्राध्यापक याकोबस आर्मिनियस (1560–1609) म्हणू लागला की कोण विश्वास ठेवेल हे देवाला आधीच दिसते आणि त्यानुसार तो निवडतो. सहकारी गोमारसने त्याच्यावर तुटून पडायला वेळ लावला नाही. आर्मिनियसच्या मृत्यूनंतर अनुयायांनी 1610 मध्ये पाच कलमी निवेदन सादर केले, आणि पाहता पाहता धर्मशास्त्राच्या वादाला राजकारणाची धार आली. हॉलंड प्रांताचा वजनदार मुत्सद्दी ओल्डेनबार्नेव्हेल्ट त्यांच्या बाजूने, तर सेनापती मॉरिस विरोधात. नोव्हेंबर 1618 मध्ये डॉर्ड्रेख्त शहरात भरलेली धर्मसभा पुढच्या मे महिन्यापर्यंत चालली. ब्रिटन, जर्मन राज्ये व स्वित्झर्लंडमधूनही प्रतिनिधी आले होते. निकाल निवेदनकर्त्यांच्या विरोधात गेला. निवडीला कोणतीही अट नाही. ख्रिस्ताचे मरण साऱ्या जगासाठी पुरेसे असले तरी त्याचे फळ निवडलेल्यांनाच. पतित माणूस आपण होऊन वळू शकत नाही, त्याला वळवणारी कृपा वाया जात नाही. आणि निवडलेला अखेरपर्यंत टिकतो. पुढे इंग्रजीत या मुद्द्यांच्या आद्याक्षरांतून ‘ट्युलिप’ हा शब्द जुळवला गेला. फूल डच असले तरी जुळणी डच नाही, आणि मुद्द्यांचा क्रमही सभेचा नाही.

सभा आटोपत असतानाच, 13 मे 1619 रोजी, सत्तरी ओलांडलेल्या ओल्डेनबार्नेव्हेल्टचा हेगमध्ये शिरच्छेद झाला. सुमारे दोनशे उपदेशकांना पदे सोडावी लागली. त्याच पक्षाच्या कायदेपंडित ग्रोशियसला जन्मठेप झाली. 1621 मध्ये तो तुरुंगात पुस्तके आणण्या-नेण्याच्या पेटीत लपून निसटला.

कॅथलिक चर्चनेही हा वाद सोसला. आपण निवडलेल्यांत आहोत हे खास साक्षात्काराविना कोणी खात्रीने म्हणू नये, असे ट्रेंटच्या परिषदेने 1547 मध्ये बजावले. पुढे जेझुइट आणि डॉमिनिकन या कॅथलिक संन्यासी संघांतले मोलिना आणि बान्येझ यांच्या पक्षांत कृपा व स्वातंत्र्य यांचा मेळ कसा घालायचा यावरून इतके पेटले की रोममध्ये नऊ वर्षे सुनावणी चालली. 1607 मध्ये पोप पाचवा पॉल याने निकालच दिला नाही. दोघांनीही एकमेकांना पाखंडी म्हणू नये, एवढी ताकीद दिली. या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत शहाणा निर्णय म्हणावा लागेल.

सामान्य श्रद्धावंताला छळणारा प्रश्न वेगळाच होता: मी निवडलेला आहे का? ख्रिस्ताकडे पाहा, तोच निवडीचा आरसा, हे कॅल्व्हिनचे उत्तर. पुढच्या पिढ्या मात्र स्वतःच्या आचरणात खुणा शोधू लागल्या. 1904–05 मध्ये जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरने याच घालमेलीतून शिस्तबद्ध कष्ट, काटकसर आणि पर्यायाने भांडवलशाहीची वृत्ती जोपासली गेली असे प्रतिपादन केले. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे मत बहुधा याच दाराने भेटते.

भारतीय विचारात याच्या जवळपास येतात ते मध्वाचार्य. त्यांनी जीवांचे मुक्तियोग्य, नित्यसंसारी आणि तमोयोग्य असे कायमचे भेद मानले. पण तिथे भेद जीवाच्या अनादि स्वभावातून येतो. कॅल्व्हिनच्या मतात तो देवाच्या ठरावातून येतो. कर्मसिद्धान्ताशी तर याचे मुळीच जमत नाही, कारण निवडीमागे पूर्वीची कोणतीही कमाई नाही हाच या मताचा प्राण आहे.

देवाने ठरवलेच आहे तर धर्मप्रचार कशाला? हा टोमणा नव्हता, अठराव्या शतकातल्या काही इंग्रज बाप्टिस्टांची (एका प्रॉटेस्टंट पंथाच्या लोकांची) ती खरीच भूमिका होती. त्यांच्यातल्याच अँड्र्यू फुलरने 1785 मध्ये तिचे खंडन केले: निवड कोणाची हे गुप्त आहे, म्हणून आमंत्रण सर्वांना दिले पाहिजे. कॅल्व्हिनच्याच परंपरेतला त्याचा मित्र विल्यम कॅरी 1793 मध्ये बंगालला निघाला, आणि 1805 मध्ये सेरामपूरला त्याचे मराठी व्याकरण छापले गेले. 1829 मध्ये मुंबईत आलेला मिशनरी जॉन विल्सन स्कॉटिश प्रेस्बिटेरियन, म्हणजे कॅल्व्हिनच्या परंपरेतल्या चर्चचा, होता. त्याच्या चर्चच्या वेस्टमिन्स्टर श्रद्धापत्रातला तिसरा अध्याय देवाच्या याच सनातन ठरावावर आहे. याउलट, अठराव्या शतकात या मतावर जाहीर प्रवचनांतून कडाडून हल्ला चढवणाऱ्या जॉन वेस्लीचा वारसा त्याच्या मेथडिस्ट पंथाच्या लोकांनी आणला.

विसाव्या शतकात स्विस धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्थने प्रश्नाची मांडणीच बदलली. 1942 च्या ग्रंथात त्याने म्हटले की निवडणारा देव आणि निवडलेला माणूस, दोन्ही येशू ख्रिस्तच. नाकारले जाणेही त्यानेच आपल्यावर घेतले. मग शेवटी सर्वच तरतील का, यावर बार्थने हो म्हटले नाही आणि नाहीही.

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात उत्तर भारतीय चर्चची स्थापना झाली, तेव्हा प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल परंपरेचे लोक, बाप्टिस्ट, अँग्लिकन आणि ब्रिटिश मेथडिस्टांचा एक गट एकाच छताखाली आले. त्यांनी स्वीकारलेल्या दोन प्राचीन श्रद्धासूत्रांत निवडीबद्दल एक शब्दही नाही.