ब्लॅकबेरी (औषधी उपयोग)

ब्लॅकबेरी हे गुलाबाच्या कुलातील रुबस प्रजातीच्या काटेरी, पसरणाऱ्या झुडपांचे सामाईक नाव. यूरोपात रुबस फ्रुटिकोसस या एकाच नावाखाली शेकडो सूक्ष्मजाती मोडतात. मराठी मजकुरात हिला सर्रास ‘जांभूळ’ म्हटले जाते, ते चूक आहे. जांभूळ हा लवंगेचा भाऊबंद असलेला वृक्ष. मधुमेहावर सांगितली जाणारी त्याच्या बियांची पूड आणि ब्लॅकबेरी यांचा काही संबंध नाही. महाबळेश्वरची रासबेरी मात्र रुबसच.

बाजारात किंमत फळाला असली, तरी औषध पानांत आणि मुळाच्या सालीत आहे. वाळल्या पानांत साधारण ८ ते १४ टक्के टॅनिन हे तुरट द्रव्य असते. ते आतड्याच्या व तोंडाच्या अस्तरातील प्रथिनांना चिकटून वरचा थर आवळते, म्हणून स्राव कमी होतो. तुरटपणा जिभेवर जाणवतो तो याच क्रियेचा. पहिल्या शतकातील ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीझ याने जुलाब थांबवण्यासाठी आणि हिरड्या घट्ट करण्यासाठी हीच वनस्पती सांगितली. वनौषधी तपासणाऱ्या जर्मनीच्या तज्ज्ञ समितीने, ‘कमिशन ई’नेही, पानांना सौम्य जुलाब आणि तोंड-घशाचा दाह एवढ्यापुरतीच मान्यता दिली, मुळाला दिली नाही.

पाने फुलोऱ्याच्या सुमारास, कोवळी पण पूर्ण उघडलेली खुडतात. पानाच्या मागच्या बाजूला मधल्या शिरेवर आकडेवजा बारीक काटे असतात, त्यामुळे हातमोजे लागतात. सावलीत एकेरी थरात वाळवावीत. ढीग केला की आतली पाने काळी पडतात, बुरशी धरतात. अशी पाने टाकूनच द्यावीत. रस्त्याकडेची झाडे टाळावीत. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये तर ब्लॅकबेरी हे उपद्रवी तण असल्याने तिच्यावर तणनाशक फवारलेले असू शकते.

पानांचा काढा नव्हे, फांट करतात : बारीक केलेली १.५ ग्रॅम पाने, त्यावर १५० मिलि. उकळते पाणी, झाकण ठेवून १० ते १५ मिनिटांनी गाळणे. असे दिवसातून तीन कप, म्हणजे एकूण ४.५ ग्रॅम पाने. तोंड आले असल्यास याच्याच कोमट गुळण्या. मुळाची साल कठीण असल्याने ती मात्र उकळावी लागते. लोखंडी भांड्यात टॅनिन आणि लोह मिळून पाणी शाईसारखे काळे होते, म्हणून स्टील किंवा काच वापरावी. दूध घालून प्यायल्यास टॅनिन दुधातल्या प्रथिनांनाच चिकटते आणि आतड्यासाठी फारसे उरत नाही. लोहाच्या गोळ्या व इतर औषधे यांत दोनेक तासांचे अंतर हवे. रिकाम्या पोटी कडक फांट घेतल्यास मळमळते.

हा फांट शरीरातून गेलेले पाणी व क्षार भरून काढत नाही. ते काम जीवनजलाचे (ओआरएस). शौचातून रक्त, ताप, तीन दिवसांहून लांबलेले जुलाब किंवा तान्हे मूल असेल, तर डॉक्टरच गाठावा.

अमेरिकी यादवी युद्धात (१८६१–६५) जुलाब-हगवणीवर दिले जाणारे ब्लॅकबेरी कॉर्डियल हे फळांचा रस, साखर, लवंग-दालचिनी आणि ब्रँडी यांचे पेय. पिकल्या फळात टॅनिन पानांपेक्षा फारच कमी आणि तंतू भरपूर. पोटभर खाल्ली तर उलट शौचाला साफ होते. इंग्लंडमधला आणखी एक उपाय तर पोटात घ्यायचाच नाही : ब्लॅकबेरीची लांब फांदी वाकून टोकाला पुन्हा मुळे धरते, त्या कमानीखालून डांग्या खोकला झालेल्या मुलाला पार करत.