व्हीआर हेडसेटसाठी नेटिव्ह अ‍ॅप विकसन

युनिटी, अनरीयल यांसारखे गेम इंजिन मध्ये न घेता हेडसेटच्या रनटाइमशी (अ‍ॅप आणि हेडसेट यांच्यामधल्या प्रणालीशी) आणि ग्राफिक्स एपीआयशी (चित्र काढण्यासाठी ठरवून दिलेल्या फंक्शनांच्या संचाशी) थेट बोलणारे अ‍ॅप तयार करणे म्हणजे नेटिव्ह विकसन. भाषा बहुधा सी किंवा सी++ असते. इंजिन वापरले की पहिले दृश्य तासाभरात दिसते. नेटिव्ह मार्गाने तेवढ्यासाठीच काही दिवस जातात, पण इंजिन पडद्याआड काय करते ते या मार्गानेच नीट उमगते.

पूर्वी प्रत्येक कंपनीची एपीआय वेगळी असे. क्रोनोस ग्रुप या कंपन्यांच्या संघटनेने २०१९ मध्ये ओपनएक्सआर १.० हे खुले मानक जाहीर केल्यावर ही अडचण बरीच कमी झाली. मेटानेही क्वेस्टसाठीची आपली जुनी एपीआय बाजूला ठेवून तेच स्वीकारले. अ‍ॅपलचे व्हिजन प्रो मात्र या मानकाबाहेर आहे. तिथे स्विफ्ट ही भाषा आणि मेटल ही ग्राफिक्स एपीआय अशी अ‍ॅपलची वेगळी वाट धरावी लागते.

क्वेस्टची ऑपरेटिंग सिस्टिम अँड्रॉइडवर आधारलेली असल्याने हत्यारे ओळखीचीच आहेत : अँड्रॉइड स्टुडिओ, एनडीके (अँड्रॉइडसाठी सी किंवा सी++ कोड बांधण्याचा संच), आणि चित्रणासाठी व्हल्कन किंवा ओपनजीएल ईएस ही ग्राफिक्स एपीआय. हेडसेटचा डेव्हलपर मोड सुरू करून केबल जोडली की एडीबी या संगणकावरच्या साधनाने एपीके, म्हणजे अ‍ॅपची फाइल, चढवता येते. क्रोनोसचा ‘हॅलो एक्सआर’ हा नमुना प्रकल्प आधी जसाच्या तसा चालवून पाहावा. कोऱ्या फाइलपासून सुरुवात केली, तर चूक आपल्या कोडमध्ये आहे की जुळणीत, हेच कळत नाही. अँड्रॉइडवर पहिली ठेच बहुधा लोडरपाशी, म्हणजे अ‍ॅपला रनटाइमशी जोडून देणाऱ्या ओपनएक्सआरच्या घटकापाशी, लागते. जावा व्हीएम आणि अ‍ॅक्टिव्हिटीचा संदर्भ लोडरला आधी दिला नाही, तर पुढचे इन्स्टन्स, म्हणजे रनटाइमशी अ‍ॅपचा मूळ दुवा, तयारच होत नाही.

इन्स्टन्सनंतर सिस्टिम (हेडसेट), सेशन (त्याच्याशी चालणारे सत्र), स्वॉपचेन (आळीपाळीने चित्र काढायच्या प्रतिमांचा संच) आणि संदर्भ-अवकाश (जागा मोजण्याची चौकट) अशी मांडणी होते, आणि मग सुरू होते फ्रेमची फेरी. खरे शिकण्यासारखे इथेच आहे. साध्या खेळात ‘आता काय दिसते?’ असा प्रश्न असतो, तर व्हीआरमध्ये ‘हे चित्र डोळ्यांपुढे येईल तेव्हा डोके कुठे असेल?’ असा. एक्सआर-वेट-फ्रेम हे फंक्शन अ‍ॅपला योग्य क्षणापर्यंत थांबवून ठेवते आणि फ्रेम प्रत्यक्ष झळकण्याची अंदाजित वेळ हातात देते. डोळ्यांची जागा, हातांची जागा, हलणाऱ्या वस्तू, सगळे त्याच वेळेसाठी मोजायचे. नवशिका सवयीने चालू घड्याळ वापरतो आणि मान वळवताच समोरचा घन किंचित मागे रेंगाळतो.

घड्याळ तसे निष्ठुर आहे. ७२ हर्ट्झला एका फ्रेमसाठी सुमारे १३.९ मिलिसेकंद मिळतात, ९० हर्ट्झला ११.१, आणि तेवढ्यात दोन्ही डोळ्यांचे चित्र काढायचे असते. फ्रेम चुकली, तर रनटाइम आधीचेच चित्र डोक्याच्या नव्या दिशेनुसार सरकवून दाखवतो. ही तात्पुरती मलमपट्टी आहे, तिच्यावर विसंबू नये, कारण अडखळणाऱ्या दृश्याने माणसाला खरोखर मळमळते. मल्टिव्ह्यू या सोयीने दोन्ही डोळ्यांसाठीचे ड्रॉ कॉल (जीपीयूला दिलेले चित्र काढण्याचे आदेश) एकदाच देता येतात आणि सीपीयूवरचा भार हलका होतो. फोव्हिएटेड रेंडरिंगमुळे कडेचा भाग कमी बारकाईने काढून जीपीयूचे काम वाचते.

दुसरी नेहमीची चूक प्रोजेक्शनची, म्हणजे त्रिमितीय दृश्य सपाट प्रतिमेवर उतरवण्याची. प्रत्येक डोळ्याचे दृष्टिक्षेत्र डाव्या-उजव्या बाजूंना सारखे असतेच असे नाही, म्हणून रनटाइम चार कोन वेगवेगळे देतो. त्याऐवजी पाठ असलेले सममित सूत्र वापरले, तर दोन प्रतिमा एकमेकींत मिसळत नाहीत आणि डोळ्यांवर ताण येतो. एककही लक्षात ठेवावे : ओपनएक्सआरमध्ये १ म्हणजे १ मीटर, वाय वर, आणि समोरची दिशा उणे झेड. एका मीटरची कड असलेला घन एका खोलीत केवढा वाटतो, हे हेडसेट घातल्यावरच कळते.

कंट्रोलरसाठी बटणे थेट वाचायची नसतात. ‘पकडणे’, ‘फेकणे’ अशा कृती घोषित करून त्या बटणांना जोडायच्या, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या कंट्रोलरसाठी खेळाचे तर्क बदलावे लागत नाहीत.

चुका शोधताना हेडसेट सतत काढ-घाल होतो. डोक्यावरून काढताच सेन्सर ते ओळखतो, सेशनची अवस्था बदलते आणि चित्रण थांबू शकते. अशा वेळी अ‍ॅप बंद पडले असे समजून कोड उलथापालथा करण्याआधी लॉगकॅटमध्ये, म्हणजे अँड्रॉइडच्या नोंदवहीत, अवस्थाबदलांच्या ओळी पाहाव्यात. त्या ओळी छापण्याची सोय पहिल्याच दिवशी करून ठेवलेली बरी.