टाकीत वाढलेल्या पेशींचं औषध नकली नसतं

‘औषधी वनस्पतीचा गुण जंगलातल्या मातीत असतो, टाकीत वाढवली की नुसता पाला उरतो,’ हे वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते चुकीचं आहे आणि त्यापायी जंगलातल्या झाडांवर कुऱ्हाड चालत राहते, म्हणून हा खुलासा.

पॅक्लिटॅक्सेल हे कर्करोगावरचं औषध घ्या. १९९२ साली अमेरिकेत अंडाशयाच्या कर्करोगासाठी त्याला मान्यता मिळाली, तेव्हा ते पॅसिफिक यू या अतिशय सावकाश वाढणाऱ्या झाडाच्या सालीतून काढत. साल सोलली की झाड मरतं. पुढे यूच्या पेशी बंद पोलादी टाक्यांत, म्हणजे बायोरिअ‍ॅक्टरमध्ये, साखर, क्षार आणि जीवनसत्त्वांच्या निर्जंतुक द्रावणात वाढवायला सुरुवात झाली. पेशी नुसत्या वाढल्या तर औषध थोडंच बनतं, म्हणून मिथाइल जॅस्मोनेट घालतात. किडीनं पान कुरतडलं की झाड बचावासाठी स्वतःच हा रेणू तयार करतं. तो मिळताच पेशी सावध होतात आणि पॅक्लिटॅक्सेलचं प्रमाण चांगलंच वाढतं. सालीतला रेणू आणि टाकीतला रेणू यांत काडीचाही फरक नाही. यासाठी जनुकबदल करावाच लागतो, हाही गैरसमजच.

मात्र प्रत्येक वनस्पतीला हे जमत नाही. आपल्या अंगणातल्या सदाफुलीचंच पाहा. तिच्यातलं व्हिनब्लास्टिन हे कर्करोगावरचं औषध सुट्या पेशी जवळपास बनवतच नाहीत; त्याचा एक घटक पानातल्या वेगवेगळ्या पेशींनी मिळून घडवावा लागतो. त्यामुळे त्या औषधासाठी सदाफुली आजही शेतातच लावतात.