रोज अंडं खाल्लेलं चालतं का?

(आमच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठी, ट्रेसोबत)

आम्ही अंडी विकतो. त्यामुळे ‘अंडी खा’ असं आम्ही म्हणणारच, हे तुमच्या मनात येण्याआधी आम्हीच कबूल करतो. म्हणून या पत्रकात दोन-तीन ठिकाणी ‘आता पुरे’ असंही लिहिलं आहे. तेही वाचा.

पत्रक छापायचं कारण असं. दिवाळीनंतर कोथरूडच्या एका काकूंनी दर आठवड्याचा ट्रे बंद केला. काकांच्या रक्ततपासणीत कोलेस्टेरॉल जास्त निघालं आणि घरात पहिली गदा अंड्यांवर आली. आमच्या मुलाने ट्रे परत आणला, हिशेब चुकता केला. पण निघताना त्याच्या नजरेला पडलं, की टेबलावर चहाच्या कपाशेजारी खारीचा डबा उघडाच होता. त्या खारीला कोणी बोल लावला नव्हता. काकू, तुम्ही हे वाचत असाल तर राग मानू नका. निम्म्या घरांत असंच होतं, आमच्याही झालं होतं.

अंड्यात असतं काय, आणि नसतं काय

आपल्या बाजारातलं अंडं टरफलासकट ५० ते ५५ ग्रॅमचं भरतं. त्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं, ५ ग्रॅम चरबी आणि ७० च्या आसपास कॅलरी, म्हणजे तेल लावलेल्या एका पोळीहून कमीच. ही प्रथिनं पहिल्या प्रतीची समजली जातात, कारण शरीराला बाहेरूनच घ्यावी लागणारी सगळी अमिनो आम्लं त्यात योग्य प्रमाणात असतात. डाळीत मेथिओनिन कमी पडतं, गहू-तांदळात लायसिन. वरण आणि भात एकमेकांची उणीव भरून काढतात, म्हणून ती जोडी टिकून आहे. अंड्याला जोडीदार लागत नाही, एवढाच फरक. जे अंडं खात नाहीत त्यांचं काही अडत नाही, फक्त त्यांना ताटात डाळ, उसळ, दूध-दही जरा लक्ष देऊन वाढून घ्यावं लागतं.

आता हिशेब. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने निरोगी प्रौढ माणसासाठी वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज ५० ग्रॅम. दोन अंड्यांतून १२ मिळाली. उरलेली ३८ वरण, मटकीची उसळ, दही, दाणे, पोळी यांतूनच यायची आहेत. दोन अंडी खाल्ली म्हणजे आजचा कोटा पूर्ण, असं समजणारे बरेच भेटतात. तसं नसतं.

आणि जे नाही तेही सांगायला हवं. अंड्यात चोथा शून्य, ‘क’ जीवनसत्त्व शून्य. नुसती उकडलेली अंडी खाऊन राहणाऱ्याला पोट साफ होत नसेल तर दोष अंड्याचा नाही, शेजारच्या रिकाम्या जागेचा आहे. तिथे काकडीची कोशिंबीर हवी, पालेभाजी हवी, लिंबाची फोड हवी.

पांढरं खाऊन पिवळं टाकणाऱ्यांना एक विनंती. प्रथिनांचा मोठा वाटा पांढऱ्या भागात असतो हे खरं, पण चाळीस टक्क्यांच्या आसपास बलकातही असतो. शिवाय ‘अ’ आणि ‘ड’ जीवनसत्त्वं, मेंदूला आणि यकृताला लागणारं कोलिन, डोळ्यांच्या पडद्याला उपयोगी ल्युटिन, हे सगळं बलकात. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर बलक जरूर बाजूला काढा. नुसत्या भीतीने काढत असाल, तर पैसे पूर्ण अंड्याचे देऊन चांगला भाग तुम्ही सिंकमध्ये ओतताय.

कोलेस्टेरॉलचं लांबलेलं प्रकरण

एका अंड्यात १८५ मिलिग्रॅमच्या आसपास कोलेस्टेरॉल असतं, सगळं बलकात. १९६८ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने आठवड्याला तीनपेक्षा जास्त बलक नकोत, दिवसभरात ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कोलेस्टेरॉल नको, असं सांगितलं. रक्तातलं कोलेस्टेरॉल हृदयाला घातक, अंड्यात कोलेस्टेरॉल, म्हणून अंडं घातक, असा तो सरळ हिशेब. तो जगभर गेला आणि आपल्याकडच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीतही आला.

पुढे लक्षात आलं की हिशेब इतका सरळ नाही. शरीरातलं बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच बनवतं, त्यात यकृताचा वाटा मोठा. खाण्यातून जास्त गेलं की बहुतेकांचं शरीर स्वतःचं उत्पादन थोडं आवरतं. रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, वाढवण्यात खाण्यातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त चरबीचा हात मोठा आहे. तूप, लोणी, वनस्पती तूप, पामतेल, बेकरीचा माल. एका अंड्यात ही संपृक्त चरबी जेमतेम दीड ग्रॅम. (खारीचा डबा आठवला ना?) अमेरिकेच्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांतून २०१५ च्या आवृत्तीत ती ३०० ची मर्यादा काढून टाकली गेली. २०१९ मध्ये हार्ट असोसिएशननेही निरोगी माणसाला रोज एका अंड्याची मुभा दिली.

इथे थांबलो असतो तर आमच्या धंद्याला बरं होतं. पण त्याच २०१९ साली अमेरिकेतल्या २९ हजारांहून जास्त लोकांच्या नोंदींवरून एक अभ्यास आला. त्यात जास्त अंडी खाणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचं प्रमाण थोडं जास्त दिसलं. पुढच्याच वर्षी १७ लाखांहून जास्त लोकांची माहिती एकत्र करून दुसरा आला. त्यात दिवसाला एका अंड्यापर्यंत धोका वाढलेला दिसला नाही, उलट आशियातल्या लोकांत किंचित कमीच दिसला. असे अभ्यास लोक काय खातात ते विचारून वर्षानुवर्षं वाट पाहतात. अंड्याबरोबर बेकन आणि लोणी लावलेला टोस्ट खाणारा आणि अंड्याबरोबर ज्वारीची भाकरी खाणारा, दोघांच्या नोंदीत ‘एक अंडं’ एवढंच येतं. त्यामुळे ‘अंडं अमृत’ म्हणणाऱ्यावर जितका विश्वास ठेवाल तितकाच ‘अंडं विष’ म्हणणाऱ्यावर ठेवा.

मग किती? ज्याची तब्येत ठणठणीत, त्याला रोज एक अंडं, बलकासकट, निर्धास्त. वाढत्या वयाची मुलं आणि अंगमेहनत किंवा व्यायाम करणारे यांना दोनही चालतात, बाकीचं खाणं नीट असेल तर. रोज सहा-आठ अंडी फोडणारी जिमची मंडळी आमची लाडकी गिऱ्हाइकं आहेत, तरीही सांगतो: आता पुरे.

पुण्यातल्या माणसाने जरा जास्त जपावं ते इथे

१९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोच्या आसपास, म्हणजे इंग्रज बाळांच्या मानाने लहानखुरी. पण अंगावरची चरबी मात्र त्या मानाने कमी नव्हती, स्नायू कमी होते. दिसायला बारीक, आतून चरबी. अशा ठेवणीच्या माणसाला मधुमेह लवकर गाठतो. ‘मी तर बारीक आहे, मला काय होणार’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं.

अंड्याशी याचा संबंध दोन बाजूंनी आहे. एक, मधुमेह असलेल्यांमध्ये जास्त अंडी आणि हृदयविकार यांचा संबंध काही अभ्यासांत दिसला आहे, काहींत नाही. तेव्हा साखर असेल, आधी हृदयाचा त्रास झाला असेल, किंवा घराण्यातच कोलेस्टेरॉल फार जास्त असेल, तर आठवड्याला किती बलक हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनांचाच हिशेब वेगळा असतो. अशा वेळी आम्हाला ट्रे वाढवा म्हणू नका, आम्ही वाढवणार नाही.

दुसरी बाजू बी-१२ ची. त्याच अभ्यासात जवळजवळ दोनतृतीयांश गरोदर बायकांमध्ये बी-१२ कमी सापडलं. हे जीवनसत्त्व फक्त प्राणिज पदार्थांतून मिळतं: दूध, अंडी, मासे, मटण. म्हणून ‘बी-१२ कमी आलंय, दोन ट्रे पाठवा’ असे फोन आम्हाला येतात. थांबा जरा. एका अंड्यात बी-१२ अर्ध्या मायक्रोग्रॅमच्या आसपास, रोजची गरज दोनाच्या थोडी वर. शिवाय अंड्यातलं बी-१२ शरीरात दुधातल्याइतकं सहज शोषलं जात नाही. कमतरता निघाली असेल तर ती अंड्यांनी भरून निघायची नाही, डॉक्टर गोळ्या किंवा इंजेक्शन देतील ती घ्या. ‘ड’ जीवनसत्त्वाचंही तेच: अंड्यात आहे, पण थोडं.

बुर्जी, हाफ फ्राय आणि तेलाचा तांब्या

अंडं ७० कॅलरीचं, हे आम्ही वर लिहिलं. गाडीवरच्या बुर्जीला हा आकडा लावू नका. दोन अंड्यांत दोन मोठे चमचे तेल पडलं की तेलाच्याच २४० कॅलरी झाल्या, वर बटर लावलेले पाव वेगळे. रात्री अकराला गाडीवर उभं राहून बुर्जी-पाव खाण्यातलं सुख आम्हाला माहीत आहे, ते सोडा असं आम्ही म्हणणार नाही. पण ते सुख आहे, पथ्य नाही. घरी चमचाभर तेलात, कांदा-टोमॅटो सढळ हाताने घालून केलेली बुर्जी आणि दोन फुलके, हे मात्र पोटभरीचं जेवण होतं.

कच्चं अंडं दुधात घालून पिणं ताकदीचं, हा समज तालमीतून आला असावा. प्रत्यक्षात शिजलेल्या अंड्यातली नव्वद टक्क्यांच्या आसपास प्रथिनं अंगी लागतात, कच्च्यातली जेमतेम अर्धी. कच्च्या पांढऱ्यातलं एक प्रथिन बायोटिन हे जीवनसत्त्व अडवून ठेवतं, आणि साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूची धास्ती वेगळीच. लहान मुलं, गरोदर बायका, म्हातारी माणसं यांना हाफ फ्रायही नको, बलक घट्ट होऊ द्या. उकडताना बलकाभोवती हिरवट कडं आलं तर ते विष नाही. जास्त वेळ उकडल्याने बलकातलं लोह आणि पांढऱ्यातलं गंधक एकत्र येतं, इतकंच. गॅस लवकर बंद करा.

बाळाला सहा महिन्यांनंतर, वरचं खाणं सुरू झालं की, पूर्ण शिजवलेलं अंडं अगदी थोडं देऊन पाहता येतं. अंगावर पुरळ, ओठ सुजणं, उलटी किंवा धाप दिसली तर लगेच डॉक्टर. बहुतेक मुलांची अंड्याची ॲलर्जी वाढत्या वयात जाते.

‘उन्हाळ्यात अंडं उष्ण पडतं’ म्हणून एप्रिलमध्ये निम्मे ट्रे कमी होतात. एक अंडं पचवायला निरोगी माणसाला मे महिनाही आड येत नाही. पण कोणाला खरंच जड वाटत असेल तर आम्ही वाद घालत नाही. ज्याचं पोट त्याला ठाऊक.

गावरान, ब्राऊन आणि काळं

टरफलाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो, पोषणाशी त्याचा संबंध नाही. बलकाचा रंग खाद्यावर: मका, हिरवा पाला, झेंडू खाल्ला की बलक केशरी. गावरान अंड्याची चव आवडते म्हणून जास्त पैसे मोजणं आम्हाला पटतं. ते जास्त ‘ताकदीचं’ म्हणून मोजत असाल तर फरक वाटतो तितका नाही. आणि झाबुआच्या कडकनाथ कोंबडीचं मांस काळं असतं, अंडं काळं नसतं. काळं अंडं कोणी विकत असेल तर आम्हालाही दाखवा.

आमची रोजची पांढरी अंडी लेअर, म्हणजे अंड्यांसाठीच पाळलेल्या, कोंबड्यांची. त्या कोंबड्यांत कोंबडा नसतो, त्यामुळे त्या अंड्यांतून पिल्लू निघूच शकत नाही. म्हणून त्यांना शाकाहारी म्हणायचं का, हा प्रश्न तुमच्या घरचा आहे, आम्ही त्यात पडत नाही.

घरी आल्यावर

अंड्याच्या टरफलाला हजारो सूक्ष्म छिद्रं असतात आणि वरून एक नैसर्गिक थर. धुतलं की तो थर जातो. म्हणून आणल्याआणल्या धुऊन ठेवू नका, फोडायच्या वेळी धुवा. टोकाची बाजू खाली ठेवा. फ्रिजच्या दारात नको, आतल्या कप्प्यात. फ्रिजमध्ये तीन आठवडे उत्तम टिकतात. बाहेर ठेवायची तर थंडीत आठवडाभर, उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत संपवा. तडा गेलेलं अंडं आलं तर त्याच दिवशी सांगा, बदलून देऊ.

पाण्यात टाकून पाहण्याची युक्ती खरी आहे. आडवं पडलं तर ताजं, उभं राहिलं तर जुनं पण लवकर शिजवून खाण्याजोगं, तरंगलं तर फेकून द्या. मात्र याने फक्त वय कळतं, जंतू कळत नाहीत.

भावाचं विचाराल, तर तो आम्ही ठरवत नाही. १९८२ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती, जिचं मुख्यालय आपल्या पुण्यातच आहे, रोज शंभर अंड्यांचा दर जाहीर करते. त्यावर आमची वाहतूक आणि फुटीचा खर्च चढतो. थंडीत दर वाढतो, श्रावणात उतरतो.

श्रावण किंवा चातुर्मास पाळणाऱ्यांनी ट्रे बंद ठेवायचा असेल तर आदल्या दिवशी रात्री आठपर्यंत कळवा. पुन्हा कधी सुरू करायचा तेही तेव्हाच सांगा, गणपतीनंतर एकदम सगळ्यांचे फोन येतात. रिकामे कागदी ट्रे मात्र परत देऊ नका, ओले झालेले ट्रे आम्ही पुन्हा वापरत नाही. कुंडीत घाला, कुजून खत होतं.