औषध विषाणूवर, घाव जिवाणूंवर

पाऊस सुरू झाला की म्हापसा-फोंड्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक यादी पुन्हा फिरू लागते: पॅरासिटामॉल, झिंक, व्हिटॅमिन सी आणि ‘अ‍ॅझी ५००’ (म्हणजे अ‍ॅझिथ्रोमायसिन), ‘तीन दिवस’. यादी कोविडच्या धास्तीतली. तिच्याखाली हमखास लिहिलेले असते, ‘गुण नाही आला तरी अपाय काही नाही.’ या वाक्याची मला खरी काळजी वाटते.

अ‍ॅझिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक जिवाणूच्या रायबोसोमवर, म्हणजे प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेवर काम करते. विषाणूला स्वतःचा रायबोसोम नसतोच. औषध निदान दाह तरी कमी करील, अशी आशा होती. ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीने तीही संपवली. तिथे सात हजारांहून अधिक रुग्णांत, औषध घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही गटांत २८ दिवसांतले मृत्यू २२ टक्केच होते.

म्हणजे गोळी वाया गेली? नाही, आणि गोम इथेच आहे. विषाणूला ती शिवली नाही, पण घशातल्या आणि आतड्यातल्या निरुपद्रवी जिवाणूंवर तिने आपले काम चोख केले.

रायबोसोममध्ये नवे प्रथिन एका अरुंद बोगद्यातून बाहेर पडते. औषध त्या बोगद्यात, सुरुवातीलाच अडकून बसते. त्याला टेकायला रायबोसोमच्या आरएनए साखळीतला २०५८ क्रमांकाचा दुवा, अ‍ॅडेनिन, लागतो. आपल्या पेशींतल्या मुख्य रायबोसोममध्ये त्या जागी ग्वानिन असतो, म्हणून आपण वाचतो. काही जिवाणूंकडे ‘ईआरएम’ नावाचे जनुक असते. त्यापासून बनणारे विकर याच अ‍ॅडेनिनला मिथाइल गट जोडते: एक कार्बन, तीन हायड्रोजन. एवढ्याने औषधाला तिथे नीट बसता येत नाही, प्रथिन मात्र पुढे सरकत राहते. मला हे विलक्षण वाटते. शिवाय हे जनुक बहुधा उड्या मारणाऱ्या डीएनएवर असते. घशातल्या साध्या स्ट्रेप्टोकॉकसकडून ते न्यूमोनियाच्या न्यूमोकॉकसकडे जाऊ शकते.

खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतीचा, बांध फुटून शेतात खारे पाणी शिरले की नाजूक भात मरते आणि खार सोसणारे कोरगुट भात तग धरते. पाणी ओसरले तरी खार मातीत राहतोच. अ‍ॅझिथ्रोमायसिनचा खारही असाच रेंगाळतो. शरीरातले त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला साधारण ६८ तास लागतात. शेवटच्या गोळीनंतर कितीतरी दिवस ते इतके थोडे उरते की प्रतिरोधक, म्हणजे औषधाला दाद न देणारे, जिवाणू मजेत वाढतात आणि साध्यांची मात्र कोंडी होते. बेल्जियममध्ये निरोगी स्वयंसेवकांना एकदाच अ‍ॅझिथ्रोमायसिनचा किंवा त्याच्या गटातल्या दुसऱ्या औषधाचा कोर्स दिला, तर तोंडातल्या स्ट्रेप्टोकॉकसमध्ये प्रतिरोधकांचे वाढलेले प्रमाण १८० दिवसांनंतरही टिकून होते.

आता हा एक घसा देशाने गुणा. जून ते सप्टेंबर २०२० या चार महिन्यांत भारतात कोविडमुळे अ‍ॅझिथ्रोमायसिनचे सुमारे ३ कोटी ८० लाख जादा डोस खपले, असा विक्रीच्या आकड्यांवरून अंदाज आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे इस्पितळात दाखल झालेल्या कोविड रुग्णांपैकी सुमारे ८ टक्क्यांनाच जिवाणूंचा संसर्ग होता. प्रतिजैविके दिली गेली सुमारे ७५ टक्क्यांना. त्यात भरलेले आयसीयू, व्हेंटिलेटरच्या नळ्या, दमलेल्या परिचारिका. अमेरिकेत २०२० मध्ये इस्पितळात जडणारे प्रतिरोधक संसर्ग आणि त्यांतून होणारे मृत्यू किमान १५ टक्क्यांनी वाढले. उलट बाजूही सांगायला हवी: मास्क आणि बंद शाळांमुळे न्यूमोकॉकसचे गंभीर आजार अनेक देशांत घटले होते.

मे २०२१ मध्ये गोवा सरकारने अठरा वर्षांवरील सर्वांना आयव्हरमेक्टिन देण्याची घोषणा केली होती. ते परजीवींवरचे औषध. पुरावा नसताना सरसकट गोळ्या वाटायला निघणे मला तेव्हाही चूक वाटले, आजही वाटते. ‘अपाय काही नाही’ हा समज अशा घोषणांनीच घट्ट होतो.

अ‍ॅझिथ्रोमायसिनचे मोल कळते ते टायफॉइडमध्ये. पाकिस्तानच्या सिंध प्रांतात २०१६ पासून पसरलेल्या, बहुतेक प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या टायफॉइडवर तोंडाने घेता येणारे हेच मुख्य औषध उरले आहे. आणि बांगलादेशात टायफॉइडच्या काही जिवाणूंत औषध बाहेर फेकणाऱ्या पंपाच्या प्रथिनात, ७१७ व्या जागी, एकच अमिनो आम्ल बदललेले सापडले. त्या जिवाणूंवर हे औषधही चालत नाही.