आइस हॉकीतील सांघिक डावपेच

आइस हॉकीतील सांघिक डावपेच : पक (खेळातील रबरी चकती) ताब्यात ठेवणे, गेलेला परत मिळवणे आणि प्रतिस्पर्ध्याच्या वाटा अडवणे यांसाठी बर्फावरील पाच खेळाडू व गोलरक्षक यांची केलेली मांडणी. पाचांत बहुधा तीन आघाडीपटू व दोन बचावपटू असतात. पाऊण-एक मिनिटाने, अनेकदा खेळ चालू असतानाच, खेळाडूंची फळी बदलली जाते.

सुमारे ६० मीटर लांबीच्या रिंकचे, म्हणजे बर्फाच्या मैदानाचे, दोन निळ्या रेषांनी तीन भाग पडतात. पकच्या आधी आक्रमक पुढची निळी रेषा ओलांडून गेला, तर ऑफसाइड होतो. बहुतेक डावपेच या एका नियमातून निघाले आहेत. पक नेणाऱ्याला मधल्या भागात रोखले, की त्याचे साथीदार रेषेवर खोळंबतात. मग पक कोपऱ्यात भिरकावून त्यामागे धावण्यावाचून गत्यंतर उरत नाही. प्रतिस्पर्ध्याच्या भागातच पकसाठी दाब आणण्याला फोअरचेक म्हणतात. मांडणीचे आकडे पुढून मागे मोजतात : २-१-२ मांडणीत दोघे पुढे तुटून पडतात. १-२-२ मध्ये एकच जण जातो.

या १-२-२ चेच सावध रूप म्हणजे मध्य भागातील सापळा, ‘ट्रॅप’. पुढचा खेळाडू पक हिसकावत नाही. तिरका येऊन पकवाल्याला कडेच्या फळ्यांकडे वळवतो, आणि मागचे दोघे तिथली वाट बुजवतात. कबड्डीत चढाईपटूला कोपऱ्यात येऊ देऊन साखळीने परतीची वाट बंद करावी, तसाच हा प्रकार. १९९५ साली प्रशिक्षक जाक लमेर यांच्या न्यू जर्सी डेव्हिल्स संघाने अंतिम मालिकेत डेट्रॉइटला ४-० सामन्यांनी हरवून एनएचएल या उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक लीगचा स्टॅनली चषक जिंकला, तेव्हापासून सापळा त्यांच्या नावावर जमा आहे. त्याच्या उगमाविषयी मात्र मतभेद आहेत. काही जण त्याचे मूळ १९७०-८० च्या दशकांतील युरोपीय, विशेषतः स्वीडिश खेळात मानतात. काही जण १९२० च्या दशकातील ओटावा सेनेटर्सकडे बोट दाखवतात. आघाडी मिळाली की हा संघ खेळाडू मागे ओढून घेई. लमेर माँट्रियलकडून खेळले होते व त्यांनी स्वित्झर्लंडमध्ये प्रशिक्षणही दिले होते. त्यामुळे दोन्हीकडचे संस्कार एकत्र आले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. आपल्या भागातून मधली लाल रेषा ओलांडणाऱ्या पासवर तेव्हा बंदी होती, याचाही सापळ्याला मोठा आधार होता. ही बंदी आंतरराष्ट्रीय नियमांतून १९९८ च्या सुमारास व एनएचएलमधून २००५ मध्ये उठली.

शिक्षेमुळे एका संघाचा खेळाडू कमी असतो, तो काळ पॉवर प्ले. उरलेले चौघे बहुधा चौकोन धरून गोलसमोरची जागा राखतात. शेवटच्या मिनिटांत पिछाडीवरचा संघ गोलरक्षक काढून सहावा आक्रमक उतरवतो. या युक्तीचे श्रेय सहसा बॉस्टन संघाचे प्रशिक्षक आर्ट रॉस यांना, १९३१ मधील सामन्यासाठी, दिले जाते.

भारतात हा खेळ मुख्यतः लडाखच्या नैसर्गिक बर्फावर रुजला. नाशिक जिल्ह्यात निफाड परिसरात कडाक्याच्या थंडीत पारा ५ अंशांखाली उतरतो, द्राक्षबागांत शेकोट्या पेटवाव्या लागतात. पण स्केटची पाती पेलणारा बर्फ काही जमत नाही. येथील मुले स्केटिंग शिकतात ती चाकांवर. चाकांवरील रोलर हॉकीत गोलरक्षकाखेरीज चारच खेळाडू असतात आणि निळ्या रेषेचा ऑफसाइड नसतो. त्यामुळे तिथे सापळा जसाच्या तसा लावता येत नाही. एकास एक धरणे किंवा गोलसमोर चौकोन करणे अधिक उपयोगी पडते.